चीवराचा रंग आणि डाळिंबाची साल

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. वेळेअभावी जे बोलायचे राहिले, ते लिहून काढताना घातले आहे.)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरगावचे विद्वान वक्ते येतात. यंदा कमिटीने घरच्याच माणसाला उभे केले आहे. मी एक साधा गिरणी कामगार. नववीत शाळा सुटली. त्यानंतर जे काय शिकलो ते रंगखात्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. विषय मात्र मी माझ्या हातातला घेतला आहे. सुती कापड डाळिंबाच्या सालीने कसे रंगवतात, हा तो विषय.

काही जण मनात म्हणतील, विहारात हा विषय कशाला काढला? त्याला कारण आहे. आपल्या महिला मंडळाच्या बचत गटाने यंदाच्या वर्षावासात नैसर्गिक रंगाचे रुमाल, ओढण्या, पिशव्या करायचे मनावर घेतले. एका व्यापाऱ्याने माल उचलण्याची तयारी दाखवली आणि कृतीची चिठ्ठीही लिहून दिली. ती चिठ्ठी ताईंनी मला आणून दाखवली. त्यात डाळिंबाची साल होती, तुरटी होती, इथपर्यंत ठीक. खाली 'रंग पक्का येण्यासाठी' म्हणून मोरचूद आणि बायक्रोमेट लिहिले होते. आणि चिठ्ठीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'संपूर्ण नैसर्गिक'. त्या चिठ्ठीवर बोलण्यासाठी मी इथे उभा आहे.

दुसरे असे, की कापड रंगवण्याचा विषय आपल्या विहाराला परका नाही. विनयपिटकात महावग्ग आहे, त्यात चीवराबद्दल एक सबंध प्रकरण आहे, चीवरक्खन्धक. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा चकितच झालो. मला वाटले होते यात उपदेश असेल. बघतो तर आमच्या खात्यातल्या जुन्या मास्तराने पोराला शिकवावे तशी एकेक गोष्ट सांगितली आहे! भिक्खू आधी शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवत. रंग काही चांगला येईना. तेव्हा भगवंतांनी सहा प्रकारच्या रंगांना अनुज्ञा दिली. मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा. मग अडचणी निघत गेल्या आणि एकेकीवर तोड निघत गेली. रंग न शिजवता वापरला तर वास येतो, म्हणून उकळावा. उतू जातो, तर त्याची सोय करावी. शिजला की नाही कसे कळणार? तर थेंब पाण्यात टाकून बघावा, किंवा नखाच्या पाठीवर घेऊन बघावा. कापड जमिनीवर वाळत घातले की धूळ लागते, गवतावर घातले तर वाळवी खाते, म्हणून दोरीवर घालावे. दोरीवर मधोमध बांधले तर रंग दोन्ही बाजूंनी ओघळतो, म्हणून कोपऱ्याला बांधावे. एकाच बाजूला रंग उतरू नये म्हणून कापड सारखे उलटसुलट करावे आणि ठिबकणे थांबेपर्यंत सोडून जाऊ नये.

ही शेवटची गोष्ट ज्याने हाताने कापड रंगवले आहे त्यालाच कळते. रंग लावून झाला म्हणजे काम झाले असे नवशिक्याला वाटते. खरे डाग त्यानंतर पडतात, निथळताना.

पुढे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांच्या नावावर असलेल्या विनयाच्या अट्ठकथेत या सहा प्रकारांतले कोणते चालत नाहीत तेही दिले आहे. मुळांमध्ये हळद नको. फुलांमध्ये पळस आणि करडईचे फूल नको. फळांच्या बाबतीत मात्र काहीच वर्ज्य नाही. हळद, पळस, करडई हे तिन्ही रंग दिसायला भडक आणि उन्हात विरणारे. घरातल्या बायकांना हे सांगायला नको. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण दोन दिवस उन्हात टाकला की जातो. थायलंडमधले अरण्यवासी भिक्खू अजून फणसाच्या लाकडाचा गाभा उकळून चीवर रंगवतात. आणि कठिन चीवराचा नियम तर भन्तेजी तुम्हाला सांगतीलच, एका दिवसात कापायचे, शिवायचे आणि रंगवायचे. मिळून केल्याशिवाय ते होत नाही.

आता डाळिंबाकडे येतो. आपण सोलापूरची माणसं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा ह्या भागात डाळिंब किती पिकते हे आपल्याला ठाऊक आहे. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच शहरात निघाले. फळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास भाग साल आणि आतले पापुद्रे यांचाच असतो. रस काढणाऱ्याच्या गाड्यावर संध्याकाळी बघा, टोपल्यांनी साल पडलेली असते. बाजारात तडकलेली फळं मातीमोल जातात. आमची आई डाळिंबाची साल वाळवून डब्यात ठेवायची, खोकला आला की चघळायला द्यायची. तोंड कसं आवळून यायचं! ते तोंड आवळणारे द्रव्य म्हणजे टॅनिन. हिरड्यात तेच, बाभळीच्या सालीत तेच, काळ्या चहात तेच. आपले सगळे काम ह्या टॅनिनवर चालते.

एक गंमत सांगतो. भगव्या जातीचे डाळिंब बाहेरून लालभडक असते. नव्या माणसाला वाटते, कापड लाल होणार. होत नाही. सालीवरचा तो लाल रंग कापसावर टिकत नाही, धुतला की गेला. टिकतो तो टॅनिनसकट येणारा पिवळा. तुरटी घातली तर मोहरीच्या तेलासारखा मंद पिवळा, लोखंड घातले तर शेवाळी, मग राखाडी. तेव्हा 'डाळिंबी रंग' पाहिजे म्हणून कोणी डाळिंबाची साल उकळत असेल तर त्याला आधीच सांगावे! कच्छमधले अजरख छापणारे कारागीर डाळिंबाच्या सालीचा पिवळा वापरतात, आणि निळीवर हा पिवळा चढवला की हिरवा मिळतो. ही विद्या जुनी आहे आणि जिवंत आहे.

कापूस हा फार हट्टी असतो. लोकर आणि रेशीम प्राण्यापासून आलेले, ते रंग लगेच धरतात. कापसाचा तंतू वनस्पतीचा, तो झाडाच्या रंगाला हात लावू देत नाही. मधे कोणीतरी दोघांचा हात एकमेकांच्या हातात द्यावा लागतो. ते काम टॅनिन आणि तुरटी मिळून करतात. टॅनिन कापसाला धरते, तुरटीतला धातू टॅनिनला धरतो, आणि रंग त्या धातूला धरतो. इतर रंगांसाठी कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात घालावे लागते. डाळिंबाच्या सालीत टॅनिन आयते आहे, म्हणून नवशिक्या माणसाने ह्याच सालीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

आता कृती. वह्या असतील त्यांनी लिहून घ्यावे. मी सगळे माप १ किलो कोरड्या कापडासाठी सांगतो. साध्या मांजरपाटाचे साधारण ७-८ मीटर धरा.

पहिले काम कापड धुण्याचे, आणि इथेच निम्मी माणसं घाई करतात. कोऱ्या कापडाला खळ असते, कापसाला स्वतःचे मेण असते. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, खळ सुटेल. सकाळी २० लिटर पाण्यात २० ते ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून दीड-दोन तास उकळा. पाणी चहासारखे पिवळे होते, त्याला घाबरू नका, तो कापसातला मळ आहे. गिरणीत हे काम किअरमध्ये व्हायचे, मोठ्या बंद हंड्यात. नंतर भरपूर पाण्याने धुवा. झाले की नाही ते असे बघायचे: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा. टाकताक्षणी आत गेला तर कापड तयार.

साल सावलीत वाळवलेली घ्या, अर्धा किलो ते एक किलो. अर्धा किलोने फिका रंग येतो, एक किलोने भरीव. बुरशी आलेली साल नको. बागेवर फवारणी झालेली असते, म्हणून साल आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्या. तुकडे करून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी तासभर उकळा, फडक्याने गाळा. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून आणखी एकदा उकळा. दोन्ही पाणी एकत्र करा. भांडे स्टीलचे किंवा जर्मनचे घ्या. लोखंडी घमेल्यात उकळले तर पिवळा येणारच नाही, मळकट होईल. तांब्याचा हंडाही नको. आणि हे भांडे परत स्वयंपाकात घ्यायचे नाही, त्यावर खूण करून ठेवा. बोअरचे पाणी जड असते, त्यात लोखंड असेल तर पिवळा रंग मळतो. तेव्हा शक्यतो नळाचे किंवा पावसाचे धरलेले पाणी वापरा.

सालीच्या निम्म्या पाण्यात ओले कापड तासभर गरम ठेवा. खदखदा उकळायचे नाही, वाफ निघत राहील इतपत आच. कापड हलवत राहा. मग तसेच रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सकाळी पिळून सावलीत वाळवा. हे झाले टॅनिन देणे.

मग तुरटी. १५० ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि तो थोडा थोडा तुरटीत ओता. फेस वर येतो, म्हणून बादली मोठी घ्या. फेस बसला की पाणी वाढवून कापड त्यात रात्रभर ठेवा. पिळून वाळवा, एकदा हलके खळबळा. मग सालीचे राहिलेले निम्मे पाणी गरम करून त्यात पुन्हा तासभर. कापड त्याच पाण्यात निवू द्या. सावलीत वाळवा, आणि निथळताना काय करायचे ते महावग्गात सांगितलेच आहे. चार-पाच दिवस कापड तसेच राहू द्या, त्यानंतर सौम्य साबणाने धुवा.

शेवाळी किंवा राखाडी रंग पाहिजे असेल तर हिराकस. १ किलो कापडाला १० ते २० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. कोमट पाण्याच्या वेगळ्या बादलीत विरघळवून रंगवलेले कापड त्यात पाच-दहा मिनिटे फिरवायचे. डोळ्यांदेखत रंग बदलतो, बघणाऱ्याला जादू वाटते. जादू कसली, लोखंड आणि तुरट रस मिळून शाई करण्याची रीत फार जुनी आहे, तेच हे. पण हात थांबवला की पट्टे पडतात. आणि लोभ धरून हिराकस वाढवले तर लोखंड कापसाला खाते. जुन्या छापील कापडांत काळा भाग आधी फाटलेला दिसतो, त्याचे कारण हेच. हिराकस नको असेल तर गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात टाकून दोन आठवडे आंबवा, कलमकारीवाले काळ्यासाठी असेच लोखंडाचे पाणी करतात. वास मात्र येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

इतर सालींबद्दल थोडक्यात. केळीची साल लोखंडाबरोबर राखाडी-तपकिरी देते. नारळाचे सोडण तपकिरी देते. मोसंबी-संत्र्याचा फिका येतो, मेहनत वसूल होत नाही. बीट आणि जांभळाने हात रंगतात, कापड रंगत नाही, दोन धुण्यांत जाते. कांद्याचे टरफल फळात मोडत नाही, पण ते तुरटीवर फार छान रंग देते, आणि आपल्या मार्केट यार्डात त्याचा काय तोटा!

आता त्या चिठ्ठीतल्या दोन नावांकडे येतो. मोरचूद आणि बायक्रोमेट.

मोरचुदाने पिवळा हिरवट-तपकिरी होतो आणि उन्हात जास्त टिकतो. बायक्रोमेटनेही रंग पक्का होतो. व्यापारी खोटे बोलला नाही. पण मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. द्राक्षाच्या बागेवर बुरशी मारायला चुन्यात मिसळून फवारतात तेच. ते पाण्यात गेले तर मासे मरतात, पोटात गेले तर माणूस आजारी पडतो. आणि बायक्रोमेट, ते सुंदर नारिंगी खडे, ते त्याहून वाईट. त्याने हाताला खोल जखमा होतात, लवकर भरत नाहीत. त्याची धूळ नाकात जात राहिली तर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. साल झाडाची आणि पाणी विषाचे, अशा कापडावर 'संपूर्ण नैसर्गिक' लिहायचे? कापड नेसणाऱ्याला फारसे कळणारही नाही. ज्या बाईचे हात त्या बादलीत रोज चार तास आहेत तिला कळेल, आणि उशिरा कळेल.

हे मी तावातावाने बोलतो असे वाटेल. त्यामागे रंगखात्याचा इतिहास आहे, तो सांगतो.

१८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला. तिथून रासायनिक रंगांचे युग सुरू झाले. पण कापूस अजूनही हट्टी होता, त्याला टॅनिन, तुरटी, सगळे सोपस्कार लागतच होते. १८८४ साली जर्मनीत काँगो रेड नावाचा रंग निघाला. हा रंग कापसाला थेट चढायचा. हिरडा नको, तुरटी नको, मीठ घातलेल्या गरम पाण्यात कापड बुडवले की झाले. गिरणीवाल्यांना सोने सापडले. अशा रंगांना आम्ही खात्यात डायरेक्ट रंग म्हणतो. काँगो रेड आणि त्याच्या मागून आलेले कितीतरी डायरेक्ट रंग बेंझिडिन नावाच्या द्रव्यापासून बनत. १८९५ साली रेन नावाच्या जर्मन डॉक्टरने फ्रँकफुर्टच्या रंग कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे मांडले. पुढे बेंझिडिनवरचा आरोप पक्का झाला. त्यापासून केलेला रंग शरीरात गेला की पोटात त्याचे पुन्हा बेंझिडिन होते. आणि रोग लगेच उभा राहत नाही, वीस-वीस वर्षं लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो किंवा गिरणी बंद पडलेली असते.

मी १९८९ साली एका गिरणीच्या रंगखात्यात बदली कामगार म्हणून लागलो. रंगाची भुकटी हाताने तोलायची, नाकाला रुमाल बांधायचा. घरी गेल्यावर गंजी पिळली की घामाबरोबर रंग उतरायचा, आज लाल, उद्या निळा. रंगखात्यात बदलीवर येणारे आम्ही बहुतेक ह्याच वस्त्यांतले होतो. माझ्या आधी वीस-बावीस वर्षं त्या खोलीत काम केलेले एक वडीलधारे जोडीदार होते. त्यांना लघवीतून रक्त जायला लागले. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी विचारले, कोणत्या रंगात काम केले? त्यांना सांगता येईना. मलाही येईना. डब्यावर कंपनीचे ठेवलेले नाव आणि एक नंबर, आत काय आहे ते कुठेच नाही. युनियनतर्फे आम्ही डब्यांतल्या मालाची नावे लेखी मागितली. त्या कागदाला उत्तर आले नाही. ते जोडीदार दीड वर्षात गेले. कशाने झाले ते आता कोणी सांगू शकत नाही, कारण ते कशात काम करत होते हेच कुठे लिहिलेले नव्हते.

जर्मनीने १९९४ साली अशा द्रव्यांत मोडणाऱ्या अझो रंगांवर बंदी घातली. आपल्याकडे १९९० च्या दशकात बेंझिडिनच्या रंगांवर आणि १९९७ साली आणखी काही अझो रंगांवर बंदी आली. परदेशी गिऱ्हाईक माल परत पाठवील ह्या भीतीने आपल्याकडच्या पुष्कळ कारखान्यांनी रंग बदलले. कामगारांच्या अर्जाने जे झाले नाही ते गिऱ्हाइकाच्या पत्राने झाले. असो.

मी रासायनिक रंगांचा शत्रू नाही. आज माझी पाळी ज्या प्रोसेस हाऊसमध्ये असते तिथे रिॲक्टिव्ह रंग वापरतात, ते बेंझिडिनचे नाहीत. दोन टक्क्यांच्या शेडला १ किलो कापडाला २० ग्रॅम भुकटी पुरते. सालीचे तेच काम करायला अर्धा ते एक किलो साल, दोनदा उकळायचे जळण आणि तीन-चार दिवस लागतात. सगळ्या देशाचे कपडे डाळिंबाच्या सालीने रंगवू असे कोणी म्हणत असेल तर त्याने १०० किलोचा एक जिगर भरून दाखवावा. पण त्या २० ग्रॅमबरोबर मीठ किती जाते हे कोणी सांगत नाही. गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम आणि त्याहून जास्त मीठ लागते, आणि ते कापडावर राहत नाही, सगळे पाण्यात जाते. तिरुपूरला नोय्यल नदीचे ह्यामुळे काय झाले ते वाचा. २०११ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाने तिथली रंगाईची युनिटं बंद करायला लावली. एका रात्रीत कामगार रस्त्यावर आले. नदीही गेली आणि कामही गेले, दोन्हीचा भार त्याच माणसावर.

तेव्हा बचत गटाच्या ताईंना माझे म्हणणे एवढेच आहे, की तुमच्या बादलीत काय काय आहे ते तुम्हाला नावानिशी सांगता आले पाहिजे. साल, तुरटी, सोडा, हिराकस. ही चार नावे भिंतीवर लिहून लावा. पाचवे काही आत जाणार असेल तर आधी ते काय आहे ते विचारा. तुरटी-हिराकसही खाण्याच्या वस्तू नाहीत. हिराकसचा डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, दोन लहान मुलांच्या घरात तर कुलपात ठेवा, पोटात गेले तर जीव जातो. रबरी हातमोजे घाला, भुकटी कुटताना तोंडाला फडके बांधा. तुरटीचे पाणी एकदा वापरून फेकू नका, त्यात निम्मी तुरटी वाढवून पुन्हा चालवा. चोथा खताच्या खड्ड्यात टाका.

गिऱ्हाइकालाही खरे सांगा. हा पिवळा हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो, पण गिरणीच्या रंगाइतका टिकत नाही. सावलीत वाळवा म्हणावे, कडक सोड्याचा साबण नको. राखाडी कापडावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडले तर तेवढा भाग उडतो, कारण आंबट पदार्थ लोखंड सोडवतो. आणि एक लॉट दुसऱ्याशी तंतोतंत जुळणार नाही. सहा रुमालांचा जोड पाहिजे असेल तर सहाही एकाच पाण्यात रंगवा.

राहता राहिला भाव. व्यापाऱ्याने रुमालामागे जो भाव सांगितला आहे त्यात त्याने कापड धरले, तुरटी धरली, साल फुकट धरली. साल गोळा करायला रसाच्या गाड्यावर कोण जाणार? धुवायची, चिरायची, वाळवायची कोणी? रात्री उठून कापड उलटे कोण करणार? ती मजुरी चिठ्ठीत नाही. बाईच्या हाताला वेळ लागतच नाही असा हिशेब विडीच्या कारखान्यात आपण पुष्कळ बघितला आहे. म्हणून पहिल्या लॉटला एक वही घाला. कोणी किती तास काम केले ते लिहा, जळण किती लागले ते लिहा. पहिला हिशेब हातात आल्याशिवाय व्यापाऱ्याला होकार देऊ नका. भाव जमत नसेल तर माल थोडा करा आणि इथेच, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्टॉलवर विका.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता विहाराच्या मागच्या शेडमध्ये आपण एक किलो कापडाची चूल मांडणार आहोत. साल मी आणतो, पाच किलो वाळवून ठेवली आहे. ताईंनी कापड शनिवारी रात्रीच भिजत घालावे. मोठे स्टीलचे पातेले ज्यांच्याकडे जुने पडून असेल त्यांनी ते कायमचे देऊन टाकावे, परत मिळणार नाही. तरुण मंडळींनी पाणी भरायला आणि दोरी बांधायला यावे, नुसते फोटो काढायला येऊ नये. ठिबकणे थांबेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.